दारूच्या रात्रीनंतर या चुका टाळा

तरुण मुलींना दारूबद्दल सल्ला मिळतो तो एवढाच: पिऊ नकोस. सल्ला बरोबर आहे. पण ज्या सकाळी डोकं जड आहे, रात्रीचं अर्धवट आठवतंय आणि पोटात भीतीचा गोळा आलाय, त्या सकाळी त्याचा काही उपयोग नसतो. टाळता येण्यासारखं बरंचसं नुकसान पुढच्या तीन दिवसांत होतं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

‘चूक माझीच’ म्हणून गप्प बसणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. प्यायले मीच, आता कुणाला काय सांगू, डॉक्टर काय म्हणतील, या विचारात दिवस निघून जातात. उपाय मात्र तासांच्या हिशेबाने चालतात. असुरक्षित संबंध आला असेल तर लेव्होनॉरजेस्ट्रेलची इमर्जन्सी गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची, आणि जितकी लवकर घ्याल तितका तिचा उपयोग जास्त. तांबी ५ दिवसांच्या आत बसवता येते. ती गोळीपेक्षा खात्रीची आहे. एचआयव्हीची शंका असेल तर पीईपी नावाची, संसर्ग रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. ‘पाळी येते का बघू’ म्हणत थांबलात, की हे तिन्ही मार्ग बंद होतात.

इमर्जन्सी गोळी फक्त गर्भधारणा टाळण्यासाठी आहे, संसर्गापासून ती वाचवत नाही. आदल्या रात्रीच्या दारूमुळे उलट्या होत असतील तर आणखी एक काळजी घ्या: गोळी घेतल्यावर ३ तासांच्या आत उलटी झाली, तर बहुधा पुन्हा गोळी घ्यावी लागते. डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना दारूचं लपवू नका.

आठवत नाही, म्हणजे मी ‘हो’ म्हटलं असेन

असं धरून चालू नका. थोड्या वेळात खूप दारू पोटात गेली की मेंदू नव्या आठवणी साठवणं थांबवतो. अशा अवस्थेत मुलगी चालते, बोलते, हसतेही. सकाळी मात्र मधले तास कोरे असतात. शुद्ध हरपणं वेगळं आणि हे वेगळं. दोन्ही अवस्थांत तिला विचारपूर्वक संमती देता येत नाही. समोरच्याला ती धडपणे बोलू शकत नाही हे दिसत होतं, तर थांबायची जबाबदारी त्याची होती. तिने किती प्यायली, यावरून ती जबाबदारी कमी होत नाही.

जबरदस्ती झाल्याची शंका असेल तर अंघोळ करू नका, कपडे धुऊ नका. ते कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल राहून ते खराब होतात. पेयात काही मिसळल्याचा संशय असेल तर लघवीची तपासणी लवकर करून घ्या, कारण काही औषधांचा मागमूस १२ तासांतच नाहीसा होतो. तक्रार करावी की नाही हे ठरत नसलं, तरी दवाखान्यात जाणं लांबवू नका. अंघोळ करून झाली असेल तरीही जा. आणि मैत्रिणीने हे सगळं तुम्हाला सांगितलं, तर ‘एवढी प्यायलीसच का’ हा प्रश्न त्या वेळी तरी विचारू नका. सोबत चला.

दारूशिवाय जवळीक नको वाटणं

याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. दारूने भीड चेपते, इच्छा वाढल्यासारखीही वाटते, पण शरीर मंदावतं: योनीतला ओलावा कमी होतो, सुखाचा क्षण लांबतो किंवा येतच नाही. कोरडेपणामुळे बारीक जखमा होतात, कंडोम फाटू शकतो आणि संसर्गाला वाट मिळते. नशेत कंडोम उशिरा चढवणं किंवा मध्येच काढणंही घडतं. दर वेळी आधी एक-दोन पेग लागतच असतील, तर आत काहीतरी दबलेलं असू शकतं: दुखण्याची भीती, जुना आघात, किंवा हा जोडीदारच नकोसा असणं. संबंधाच्या वेळी दुखत असेल तर त्यावर उपचार आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञाशी बोला.

त्याच्या बरोबरीने पिणं

बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा साधारणपणे कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच दारूने तिच्या रक्तातलं अल्कोहोल जास्त वाढतं. कॉफीने किंवा गार पाण्याने नशा उतरत नाही. यकृताला लागणारा वेळ लागतोच.

काही त्रास नाही, म्हणजे संसर्ग नाही

क्लॅमिडिया आणि गनोरिया हे संबंधातून होणारे संसर्ग बायकांमध्ये बऱ्याचदा काहीच लक्षणं दाखवत नाहीत. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं सुरू होईपर्यंत संसर्ग गर्भनलिकांपर्यंत पोहोचलेला असू शकतो, आणि त्यातून वंध्यत्व किंवा गर्भ नलिकेतच रुजणं असे गंभीर परिणाम होऊ शकतात. या दोन्हींची तपासणी साधारण २ आठवड्यांनी करा. एचआयव्हीची प्रयोगशाळेतली रक्तचाचणी ४५ दिवसांनी पुन्हा करावी लागते. दुसऱ्या दिवशीचा ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट त्या रात्रीबद्दल काहीच सांगत नाही.

रोजची गोळी आणि दारू

दारूने गर्भनिरोधक गोळीची ताकद कमी होत नाही. गोळी विसरली जाते किंवा उलटीतून पडते, घोटाळा तिथे होतो. फक्त प्रोजेस्टोजेन हे एकच संप्रेरक असलेल्या काही गोळ्यांना तर ३ तासांपेक्षा जास्त उशीर चालत नाही. वेळ पाळणं जमत नसेल तर तांबी किंवा दंडाच्या त्वचेखाली बसवायच्या इम्प्लांटचा विचार करा.

चाचणीआधी पुन्हा पिणं

पाळी लांबली असेल तर संबंधानंतर ३ आठवड्यांनी केलेली गर्भचाचणी भरवशाची असते. तोवर दारू घेऊ नका, कारण गर्भारपणात दारूचं कोणतंही प्रमाण सुरक्षित मानलेलं नाही. चाचणी पॉझिटिव्ह आली आणि मधल्या दिवसांत प्यायला होतात, तरी घाबरून डॉक्टरांपासून लपवू नका. गर्भ ठेवायचा असेल तर आजपासून थांबण्याचाही बाळाला फायदा होतो, आणि ठेवायचा नसेल तर डॉक्टरांना जितकं लवकर भेटाल तितके पर्याय जास्त.