घराच्या व्यवहारात वकील, एजंट किंवा नोटरीवरच संशय आला तर काय करावे

घराच्या व्यवहारात मोठी फसवणूक एकट्या विक्रेत्याला सहसा जमत नाही. मालकी आणि बोजे तपासून शोध अहवाल देणारा वकील, शिक्का मारणारा नोटरी, दस्तलेखक किंवा पैसे फिरवणारा एजंट यांपैकी कोणाची तरी साथ किंवा डोळेझाक लागते. म्हणून संशय आला की आधी हे शोधा: नेमका कोणता कागद खोटा आहे आणि तो कोणाच्या हातून आला? तक्रार कुठे करायची ते त्यावरच ठरते.

सर्वात आधी पैसे थांबवा. कर्ज मंजूर असेल तर पुढची रक्कम सोडू नये असे बँकेला लेखी कळवून पोच घ्या. पुढच्या तारखेचे धनादेश दिले असतील तर 'स्टॉप पेमेंट' करा, मात्र त्याच दिवशी समोरच्याला कारण लेखी पाठवा. धनादेश न वटल्याचा खटला उलट तुमच्यावर येऊ शकतो, तेव्हा हे पत्र कामी येते. खोट्या खात्यात ऑनलाइन पैसे गेल्याचे लगेच कळले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. तिथे एकेक तास मोलाचा असतो. मूळ कागद हातात येईपर्यंत एजंटशी भांडू नका. वकिलाकडे फाइल अडकली असेल तर फी बाकी आहे म्हणून तो ती अडवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे.

मग स्वतः पडताळणी करा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सारांश), वर्षागणिक पाहता येते. नाशिकमध्ये इथेच अनेकांची चूक होते. शोध महसुली गावाच्या नावाने होतो, कॉलनीच्या नाही. 'गंगापूर रोड' टाकून काही मिळणार नाही. मौजे आनंदवल्ली किंवा दस्तात लिहिलेले गाव आणि सर्व्हे किंवा गट क्रमांक टाका. तुमच्या साठेखतानंतर (विक्रीच्या करारानंतर) त्याच फ्लॅटच्या विक्रीचा दुसऱ्याच्या नावे दस्त दिसला तर तीच दुबार विक्री. गहाणाचा बोजा 'सरसाई'च्या, म्हणजे केंद्रीय गहाण नोंदवहीच्या, नोंदणीत पाहा. नवीन नाशिकमधल्या सिडकोच्या घराला सिडकोच्या दप्तरातली हस्तांतरणाची नोंद स्वतः जाऊन तपासा. नुसत्या मुखत्यारपत्राने आणि नोटरी केलेल्या करारनाम्याने मालकी येत नाही, हे २०११ पासून पक्के आहे.

मुद्रांक शुल्काचे पैसे एजंटकडे दिले असतील तर चलनावरचा जीआरएन (सरकारी पावती) क्रमांक सरकारी भरणा नोंदणाऱ्या 'ग्रास' प्रणालीवर टाका. रक्कम आणि पैसे भरणाऱ्याचे नाव जुळलेच पाहिजे. शोध अहवालासोबत दुय्यम निबंधक कार्यालयात शोध शुल्क भरल्याची पावती हवी. ती नसेल तर तीस वर्षांचा शोध खरोखर घेतला का, हा प्रश्न वकिलाला लेखी विचारा. मुद्रांक कागदाच्या मागे मुद्रांक विक्रेत्याचे नाव, अनुक्रमांक, तारीख आणि मुद्रांक घेणाऱ्याचे नाव असते. मागची तारीख घालून केलेला कागद इथेच पकडला जातो. नोटरीच्या शिक्क्याजवळच्या क्रमांकाची नोंद त्याच्या रजिस्टरमध्ये आहे का, तेही पाहा. सही करणारा त्या तारखेला हयात होता का अशी शंका असेल तर मृत्यू नोंदीचा दाखला काढा.

मिळकत पुढे विकली जाऊ नये म्हणून फेरफारावर, म्हणजे सरकारी दप्तरातल्या मालकी बदलाच्या नोंदीवर, लेखी हरकत घ्या. सातबारा असेल तर तलाठ्याकडे, मालमत्ता पत्रक असेल तर नगर भूमापन कार्यालयात. फेरफाराच्या नोटिशीला हरकतीची मुदत १५ दिवस असते. नोंदलेला दस्त दुय्यम निबंधक रद्द करू शकत नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालयातच जावे लागते. दस्त रद्द करण्याच्या दाव्याला फसवणूक कळल्यापासून तीन वर्षे मिळतात. दाव्यासोबत तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्जही द्या.

पोलिसांकडे बहुतेक तक्रारी एकाच वाक्यावर अडतात: 'हे दिवाणी स्वरूपाचे आहे.' त्याला उत्तर तक्रारीतच हवे. करार मोडला, पैसे परत दिले नाहीत, एवढेच लिहिले तर तो दिवाणी वादच दिसतो. पैसे घेण्याच्या क्षणी हेतू खोटा होता हे तारखांनी दाखवा: या तारखेला इसार घेतला, तेव्हा घर आधीच अमुक क्रमांकाच्या दस्ताने विकलेले होते, आणि वकिलाने दहा दिवसांनी 'निर्वेध' (कोणताही बोजा किंवा वाद नाही) असा अहवाल दिला. प्रत्येक माणसाने काय केले ते वेगळ्या परिच्छेदात, आणि रकमांचा तक्ता खाते उताऱ्यासह जोडा. १ जुलै २०२४ पासूनच्या कृत्यांना भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ (फसवणूक), ३१६ (विश्वासघात), ३३६ ते ३४० (बनावट कागद) लागू होते. त्याआधीच्या कृत्यांना जुनी भारतीय दंड संहिता. व्हॉट्सॲपवरचे संभाषण असलेला फोन बदलू नका, कारण त्याच्या प्रतीसोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र द्यावे लागते.

पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला नाही तर तक्रार लेखी स्वरूपात वरिष्ठांकडे पाठवा. शहरात पोलीस आयुक्तालय, ग्रामीण भागात पोलीस अधीक्षक. रक्कम आणि गुंतागुंत मोठी असेल तर आर्थिक गुन्हे शाखेचाही उल्लेख करा. तरीही काही हलले नाही तर प्रतिज्ञापत्रासह प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

व्यावसायिकाविरुद्धची तक्रार वेगळी असते. वकिलाविरुद्ध महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे जा. तिथे वकिलीची सनद जाऊ शकते, पण पैसे परत मिळण्याची ती वाट नाही. ग्राहक आयोगाकडेही वकिलाविरुद्ध जाता येत नाही. मे २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो रस्ता बंद झाला. एजंटविरुद्ध मात्र तिथे दोन वर्षांच्या आत जाता येते. महारेरात (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणात) नोंदलेल्या प्रकल्पातले घर असेल तर एजंटचा नोंदणी क्रमांक तपासून महारेराकडे तक्रार करा. तक्रारीचे शुल्क ५,००० रुपये आहे. जुन्या इमारतीतल्या पुनर्विक्रीला हा मार्ग लागू होत नाही. नोटरीची तक्रार ज्या सरकारने नेमणूक केली त्याच्याकडे करावी. ती टाळू नका, कारण नोटरीच्या कामातल्या गुन्ह्याची दखल न्यायालय सरकारने अधिकृत केलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरच घेते.

नव्या वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

तक्रार झाली की 'पैसे देतो, मिटवून टाका' असा निरोप बऱ्याचदा येतो. रक्कम खात्यात जमा होण्याआधी रद्दलेखावर किंवा तडजोडीच्या कागदावर सही करू नका आणि कोऱ्या मुद्रांकाला हात लावू नका. फसवणुकीचा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येतो, पण खरेदीखतासारखा दस्त बनावट केल्याचा गुन्हा खालच्या न्यायालयात तसा मिटत नाही; त्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. म्हणून तडजोडीत 'सर्व गुन्हे मागे घेतले' असे वाक्य कोणी लिहायला सांगितले तर आधी आपल्या वकिलाला दाखवा.