पाण्याचा रॉड मंद झालाय की व्होल्टेज पडतंय? दोन आकड्यांचा हिशेब

थंडी पडली की तक्रार ठरलेली: अर्धा तास झाला तरी बादली कोमटच. मग रॉड गेला असं धरून नवा आणला जातो आणि तोही तसाच चालतो. त्याआधी चालू रॉडचं व्होल्टेज आणि करंट मोजा. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, ओहममध्ये मिळतो, गुणलं की शक्ती वॅटमध्ये. यातला रोध जास्त महत्त्वाचा. व्होल्टेज पडलं की वॅट कमी होतात, पण रोध जवळपास तोच राहतो. म्हणून दोष रॉडचा की लाइनचा, हे रोधच सांगतो.

समजा, रॉडवर १५०० वॅट, २३० व्होल्ट असं छापलेलं आहे. २३० चा वर्ग ५२,९००. त्याला १५०० ने भागा, ३५.३ ओहम येतात. हा आकडा लिहून ठेवा. पूर्ण व्होल्टेजला करंट साडेसहा अँपिअर होतो, त्यामुळे हा रॉड ६ अँपिअरच्या लहान सॉकेटला लावायचाच नाही. त्याला १६ अँपिअरचं सॉकेटच हवं.

पहिली तपासणी प्लग काढून, रॉड गार असताना. मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा आणि दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. ०.३ किंवा ०.४ दिसेल, तो प्रोबच्या वायरींचा रोध. तो पुढच्या रीडिंगमधून वजा करायचा. आता फेज-न्यूट्रलच्या दोन सारख्या पिनांवर प्रोब धरा. ३५ च्या आसपास आलं तर आतली तापणारी कॉइल शाबूत आहे, मीटरने आकडाच दाखवला नाही (OL किंवा डावीकडे नुसता १) तर तुटली आहे. मग सर्वांत मोठ्या ओहम रेंजवर एक प्रोब यातल्या एका पिनेवर आणि दुसरा अर्थच्या जाड पिनेवर ठेवा. रॉड दोन पिनांचा असेल तर धातूच्या नळीवर ठेवा. इथे कुठलाही आकडा येता कामा नये. आला तर रॉड टाकून द्या, कारण तो पाण्यात करंट सोडू शकतो. सप्लाय चालू असताना ओहमची रेंज कधीही लावू नका.

चालू मापनासाठी टोंग टेस्टर, म्हणजे तारेभोवती जबडा लावून करंट मोजणारा मीटर लागतो. त्याच्या जबड्यात पूर्ण केबल धरली तर शून्य दिसतं, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात. जबड्यात एकच तार हवी. त्यासाठी अडीच स्क्वेअर एमएमच्या तीन सुट्ट्या तारा घेऊन १६ अँपिअरचा प्लग आणि दोन सॉकेटचा बोर्ड जोडून घ्या. एका सॉकेटला रॉड, दुसऱ्यात एसी व्होल्टच्या रेंजवर ठेवलेल्या मीटरचे प्रोब, आणि जबडा फेजच्या सुट्या तारेवर. रॉड खुणेपर्यंत पाण्यात, बादली प्लास्टिकची, आणि बटण सगळ्यात शेवटी. चालू असताना पाण्याला हात नाही.

समजा, रॉड बंद असताना २२२ व्होल्ट होते. चालू केल्यावर २१८ झाले आणि करंट ६.१ अँपिअर. हिशेबात नेहमी चालू असतानाचंच व्होल्टेज घ्यायचं. २१८ भागिले ६.१ म्हणजे ३५.७ ओहम, म्हणजे रॉड ठणठणीत. २१८ गुणिले ६.१ म्हणजे १३३० वॅट. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४५ वर न्यायला सुमारे १५.७ लाख ज्यूल लागतात. १३३० वॅटला ते काम २० मिनिटांत होतं. व्होल्टेज १९० वर आलं तर शक्ती १०२० वॅट उरते आणि २५ मिनिटं उलटून जातात. हवेत जाणारी उष्णता धरली तर अर्धा तास सहज. यात रॉडचा दोष काहीच नाही.

आता ते पडलेले ४ व्होल्ट बघा. ४ भागिले ६.१ म्हणजे वाटेतल्या तारांचा आणि जोडांचा रोध ०.६६ ओहम, हे चालण्यासारखं आहे. दीड स्क्वेअर एमएमच्या १० मीटर तांब्याच्या वायरिंगला जाऊन-येऊन ०.२४ ओहम लागतातच. पण रॉड चालू करताच १२ व्होल्ट पडले आणि करंट ६ असेल तर वाटेत २ ओहम आहेत, आणि ७२ वॅट तिथेच जळताहेत. साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. एवढी उष्णता एकाच ढिल्या स्क्रूपाशी साठली तर पिन काळी पडते, सॉकेटचं भोक पिवळसर होऊन वितळतं, आणि आधी वास येतो. मेन बंद करून स्क्रू आवळा, जळलेली तार कापून नवं टोक काढा, सॉकेट बदला. काळी पिन नुसती घासून तेच सॉकेट पुन्हा वापरू नका. त्याच्या आतली स्प्रिंग मेलेली असते, ती पकड परत येत नाही.

हा हिशेब हीटर, इस्त्री, गिझर यांनाच लागू. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब चालू असताना ८८० ओहमचा असतो, पण गार असताना मीटरवर त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी दिसतो. त्याच्या आतली टंगस्टनची तार तापली की रोध वाढतो. पंपाला तर २३० गुणिले ६ म्हणजे १३८० आले तरी ते वॅट नव्हेत. या गुणाकारातला जेवढा भाग खरे वॅट असतो तो पॉवर फॅक्टर. तो ०.८ असेल तर खरे वॅट ११०४, आणि भागाकारातून येणारा आकडा मोटरच्या वाइंडिंगचा (आत गुंडाळलेल्या तारेचा) रोधही नव्हे. मोटरसाठी पॉवर फॅक्टर दाखवणारा मीटरच लावा.