रेकॉर्ड घरच्या घरी धुताना

रेकॉर्ड धुवायला घेण्यापूर्वी ती एकदा नीट ऐकावी, कारण सगळीच खरखर पाण्याने जाणारी नसते. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीने फिरणाऱ्या तबकडीची एक फेरी १.८ सेकंदांत पूर्ण होते. त्यामुळे ‘टक्’ असा आवाज तेवढ्याच अंतराने पुन्हापुन्हा येत असेल, तर तिथे ओरखडा आहे किंवा खाचेत एखादा कण घट्ट रुतून बसला आहे, असे समजावे. कण असेल तर तो धुण्याने निघू शकतो, ओरखडा मात्र कायमचा असतो. याउलट अधूनमधून, कुठल्याही तालाशिवाय येणारी चरचर बहुधा धुळीची किंवा स्थिर विजेची असते आणि तिच्यावर घरी उपाय करता येतो.

लाँग प्ले रेकॉर्डवरची खाच वरच्या बाजूला साधारण ०.०५ मिलिमीटर रुंद असते आणि एका बाजूवरची ही सलग खाच उलगडून मोजली, तर तिची लांबी जवळजवळ अर्धा किलोमीटर भरते. सुईवरचा भार दीड-दोन ग्रॅमचाच असला, तरी तो अत्यंत सूक्ष्म टोकावर एकवटलेला असल्यामुळे वाटेत आलेला कठीण कण खाचेच्या भिंतीवर घासला जातो, आणि त्यात रेकॉर्ड व सुई दोन्ही झिजतात. व्हायनिल, म्हणजे ज्याची रेकॉर्ड बनते ते प्लास्टिक, घर्षणाने सहज विद्युतभारित होते, म्हणून कोरड्या फडक्याने जोरात पुसलेली रेकॉर्ड थोड्याच वेळात आणखी धूळ ओढून घेते, आणि आधीची धूळ तर फडक्याने खाचेत अधिकच खोल ढकललेली असते. घाण सुटी करणे हे निम्मेच काम आहे. सुटी झालेली घाण तबकडीवरून उचलून बाहेर नेणे हे उरलेले निम्मे काम असून बहुतेक प्रयत्न तिथेच फसतात.

रोजच्या धुळीसाठी कार्बन फायबरचा मऊ ब्रश पुरेसा आहे. रेकॉर्ड फिरत असताना ब्रशचे केस खाचांवर अलगद टेकवावेत, दोन-तीन फेऱ्या होऊ द्याव्यात आणि मग ब्रश सावकाश कडेकडे सरकवत उचलून घ्यावा. दाब देऊ नये. ब्रशवर जमलेली धूळ दर वेळी झटकावी, नाहीतर तीच पुढच्या रेकॉर्डवर जाते.

बोटांचे ठसे, तेलकट थर किंवा वर्षानुवर्षांची साचलेली घाण असेल, तर ओल्या धुलाईला पर्याय नाही. त्यासाठी डिस्टिल्ड वॉटर वापरावे. नळाच्या पाण्यातले क्षार पाणी सुकल्यावर खाचेतच राहतात आणि काही दिवसांनी तेच चरचरू लागतात. नुसते पाणी व्हायनिलवर थेंबाथेंबाने गोळा होते आणि खाचेत नीट शिरत नाही, म्हणून एक लिटर पाण्यात फोटो धुण्याच्या डार्करूममध्ये वापरतात तसल्या वेटिंग एजंटचे, म्हणजे पाणी सारखे पसरवणाऱ्या द्रव्याचे, दोन-तीन थेंब घालावेत. भांडी घासण्याच्या द्रावणात सुगंध, रंग आणि हात मऊ ठेवणारी द्रव्ये असतात व ती मागे राहतात, त्यामुळे ते मी टाळतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलबद्दल जाणकारांतही एकमत नाही. तेलकट डागांसाठी दहा टक्क्यांपर्यंतचे मिश्रण व्हायनिलला सहसा अपाय करत नाही, पण दर वेळी ते हवेच असे नाही. एक नियम मात्र न चुकता पाळावा: ७८ च्या गतीच्या जुन्या, जड आणि ठिसूळ रेकॉर्डी बहुधा लाखेच्या असतात आणि अल्कोहोल लाख विरघळवते, म्हणून अशा रेकॉर्डींना त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये.

धुताना रेकॉर्ड स्वच्छ, मऊ टॉवेलवर ठेवावी आणि फक्त कडा व लेबल एवढ्याच ठिकाणी धरावी. लेबल कागदी असल्यामुळे द्रावण त्याच्यापासून बोटभर दूरच थांबवावे. द्रावण पसरून मिनिटभर मुरू द्यावे, म्हणजे वाळलेला मळ मऊ होतो. मग मऊ, दाट केसांचा ब्रश खाचांच्या दिशेने, म्हणजे गोलाकार, चारपाच वेळा फिरवावा. आडवे घासल्यास केस खाचेच्या तळापर्यंत पोहोचत नाहीत. त्यानंतर द्रावण सुकण्यापूर्वीच स्वच्छ मायक्रोफायबरच्या कापडाने ते टिपून घ्यावे. आता टॉवेलची कोरडी बाजू वर घ्यावी, नाहीतर रेकॉर्ड उलटल्यावर धुतलेली बाजू पुन्हा त्याच मळात टेकते.

यानंतरची पायरी अनेक जण गाळतात, आणि पूर्वी मीही गाळत असे. धुतलेली रेकॉर्ड दिसायला लखलखीत, पण वाजवताच सुईभोवती पांढरट थर जमायचा. तो मागे राहिलेले द्रावण आणि मळ मिळून झालेला असे. म्हणून दुसऱ्या ब्रशने आणि दुसऱ्या कापडाने, फक्त डिस्टिल्ड वॉटर घेऊन, हीच कृती पुन्हा करावी. पहिलेच कापड वापरले, तर खळबळण्याला अर्थ उरत नाही. द्रावण शोषून घेणाऱ्या व्हॅक्यूम यंत्रांचे खरे बलस्थानही हेच आहे: ती घासण्यात फार वेगळे काही करत नाहीत, मळलेले पाणी मात्र सुकण्याआधीच ओढून घेतात.

रेकॉर्ड ताटाळ्यासारख्या उभ्या घडवंचीत ठेवून धूळ नसलेल्या जागी पूर्ण सुकू द्यावी. हेअर ड्रायर, ऊन किंवा गरम पाणी यांच्या वाटेला जाऊ नये, कारण उष्णतेने व्हायनिल वाकते आणि वाकलेली तबकडी पूर्ववत करणे फार कठीण असते. काचा पुसायचे अमोनियायुक्त फवारेही नकोत. लाकूड चिकटवण्याचा पांढरा डिंक रेकॉर्डवर ओतून, सुकल्यावर त्याची साल काढण्याची युक्ती काही जण सांगतात. ती साधली तर परिणाम खरोखर चांगला असतो, पण साल मध्येच तुटली की खाचेत अडकलेला डिंक काढता काढता नाकी नऊ येतात. मौल्यवान रेकॉर्डवर हा प्रयोग करू नये. बुरशी लागलेली रेकॉर्ड मात्र घरात न झटकता, तोंडाला मास्क लावून मोकळ्या हवेत पुसावी आणि तिचा ब्रश वेगळाच ठेवावा.

सुकलेली रेकॉर्ड जुन्या कागदी पाकिटात परत घालू नये, कारण त्या पाकिटातच वर्षांची धूळ साठलेली असते. पॉलिथिनचे अस्तर असलेले नवे पाकीट वापरावे आणि रेकॉर्ड उभी ठेवावी. धुतल्यानंतर पहिल्यांदा वाजवून झाली की सुई तपासावी. खाचेत राहिलेले थोडेफार कण तीच उचलून आणते, म्हणून सुईच्या ब्रशने ती मागून पुढे, आणि फक्त त्याच दिशेने, हलकेच साफ करावी. तिच्यावर पुन्हा थर दिसला, तर रेकॉर्ड अजून एकदा नुसत्या पाण्याने खळबळून घ्यावी.