माशांच्या खाद्यात पेंड: भाव विचारण्याआधी पोतं उघडा

इंदापूर-दौंड पट्ट्यात शेततळ्यावर गेलं की एक सल्ला हमखास ऐकू येतो: "फिशमील (सुक्या माशांची भुकटी) परवडत नाही ना, मग मिळेल ती पेंड टाका, मासा काहीही खातो." मासा खातो, पण ते त्याच्या अंगी लागत नाही. रोहू, कटला, मृगळ हे कार्प मासे फिशमीलशिवाय उत्तम वाढतात, मात्र पेंड पारखून घेतली तरच.

बोटुकलीच्या (बोटभर पिल्लाच्या) पुढच्या माशांसाठी १०० किलोचं माझं मिश्रण असं: सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीन पेंड) २५ किलो, शेंगदाणा पेंड १७, तीळ पेंड ५, तांदळाचा कोंडा ४०, मक्याचं पीठ ११ आणि मिनरल मिक्श्चर २. यातून साधारण २६-२७ टक्के प्रथिनं मिळतात. प्रथिनांचे घटक बघा: सोयात लायसिन भरपूर पण मिथिओनिन कमी, तिळात नेमकं उलटं, म्हणून तीळ पेंड महाग वाटली तरी गाळू नका. अगदी लहान पिल्लांना प्रथिनं जास्त लागतात, त्यांच्या खाद्यातलं फिशमील एवढ्यात काढू नका. घरच्या सोयाबीनचा कच्चा भरडा तर अजिबात नको. कच्च्या सोयाबीनमधला ट्रिप्सिन इनहिबिटर प्रथिनं पचू देत नाही, तो उष्णतेनेच निकामी होतो. सरकी पेंडीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असतं, मी ती वापरतच नाही.

आता पेंड पारखणं. मला सगळ्यात जड गेलेला टप्पा हाच. शेंगदाणा पेंडीवर अॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी चढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाच्या वर टर्की पक्षी मेले, ते असल्याच शेंगदाणा पेंडीमुळे. त्याच सुमारास अमेरिकेत हॅचरीतल्या ट्राउट माशांना यकृताचा कर्करोग झाला, तिथे दोषी ठरली हेच अफ्लाटॉक्सिन असलेली सरकी पेंड. आपले कार्प मासे ट्राउटइतके नाजूक नाहीत. ते पटापट मरत नाहीत आणि घात तिथेच होतो. वाढ खुंटते, यकृत फिकट पडतं, बारीकसारीक रोग लागतात आणि आपण पाण्याला दोष देत चुना टाकत बसतो.

म्हणून पोत्याच्या तोंडाची पेंड पाहून सौदा करू नका. हात तळापर्यंत घाला. खाली गठ्ठे लागले, आतून गरम लागलं, तर तिथूनच परत फिरा. एक खापरी मोडून बघा: चांगली पेंड कट्कन तुटते, आतून एकसारखी फिकट तपकिरी असते आणि तिला भाजल्या दाण्याचा वास येतो. भेगेत हिरवट-पिवळी भुकटी किंवा जाळी दिसली, कुबट वास आला, की विषय संपला. चव घेऊन बघू नका.

"उन्हात टाका, भाजून घ्या, विष जातं" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. उन्हाने ओल जाते, भाजल्याने बुरशी मरते, पण तयार झालेलं अफ्लाटॉक्सिन बरंचसं तसंच राहतं. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या पेंडीतही ते असू शकतं, म्हणून मोठा माल घेताना नमुना लॅबमध्ये तपासून घ्याच. खर्च एका पोत्यावर नाही, सगळ्या तळ्यावर वाटून बघा.

लाकडी घाण्याची पेंड पुण्यात आता सहज मिळते. तिच्यात तेल जास्त राहतं, त्यामुळे ती लवकर खवट होते. घ्या, पण ताजी आणि थोडी. जून ते सप्टेंबर कुठलीच पेंड साठवू नका, लागेल तशी आणा. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. पंपाच्या खोलीत तर मुळीच नको.

पुढचं सोपं आहे. पेंड रात्रभर भिजवा, आंबू देऊ नका. मक्याचं पीठ शिजवून खळ करा, सगळं मळा, खिमा मशीनमधून शेवया पाडून कडक वाळवा. मिनरल मिक्श्चर घेताना फॉस्फरस एमसीपीच्या (मोनोकॅल्शियम फॉस्फेटच्या) रूपात आहे का ते विचारा. पेंडीतला बराच फॉस्फरस फायटेट या न पचणाऱ्या रूपात अडकलेला असतो आणि कार्प माशांना जठर नसल्यामुळे डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) नीट विरघळत नाही.

वाळलेली एक शेवई पेलाभर पाण्यात टाका. अर्ध्या तासात तिचा चिखल झाला तर खळ कमी पडली, ते खाद्य तळ्याच्या तळाशीच जाणार.

जुन्या खाद्यात नवं आठवडाभरात थोडं थोडं वाढवत न्या. रोज ठरल्या जागी, माशांच्या एकूण वजनाच्या २ टक्क्यांपासून सुरुवात करा. खाद्य पाण्यात ट्रेमध्ये ठेवा; दोन तासांनी त्यात उरलं तर दुसऱ्या दिवशी कमी घाला. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर त्या दिवशी खाद्य बंद आणि एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू.