सोलापुरात भाड्यानं घर बघताय? आधी पाण्याचा दिवस विचारा

सोलापुरातलं माझं पहिलं घर मी रविवारी दुपारी चार वाजता पाहिलं. दोन खोल्या, चकचकीत फरशी, खिडकीसमोर कडुलिंब, भाडंही परवडणारं. एजंटाच्या हातावर तिथल्या तिथे इसार ठेवला. राहायला गेल्यावर चौथ्या रात्री अडीच वाजता गल्लीत हंड्या-बादल्यांचा आवाज सुरू झाला आणि शेजारच्या आजींनी दार वाजवलं, "ओ, पाणी आलंय, उठा की!" तळमजल्यावरच्या नळाला करंगळीएवढी धार, आणि माझी खोली दुसऱ्या मजल्यावर. त्या घरात मी अकरा महिने काढले. पायऱ्या किती होत्या ते अजून आठवतं: एकोणतीस.

घरात काही खोट नव्हती. मी घर पाहिलं होतं, भाग पाहिला नव्हता. त्यानंतर गावाकडची पोरं, बदलीवर आलेले नातेवाईक असं कुणी ना कुणी सोलापुरात घर शोधायला येतं आणि मी त्यांच्याबरोबर फिरतो. त्या फिरण्यातून जमलेली ही पद्धत.

१. कामाच्या ठिकाणापासून सुरुवात करा

"सोलापूर लहान आहे ओ, कुठनंबी कुठं पंधरा मिनटं," असं तुम्हाला प्रत्येक जण सांगेल. सांगणारा दुचाकीवर असतो आणि सकाळी साडेनऊला घरातून निघालेला नसतो. चिंचोळी एमआयडीसी पुणे रस्त्याला मोहोळच्या बाजूला, अक्कलकोट रोडची एमआयडीसी बरोबर उलट टोकाला. विद्यापीठ केगावला, तेही पुणे रस्त्यावरच. सिव्हिल हॉस्पिटल आणि बहुतेक सरकारी कचेऱ्या शहराच्या मध्यात. केगावला नोकरी आणि कुंभारी रस्त्याला घर घेतलंत तर रोज दोनदा अख्खं शहर ओलांडाल. त्यात रेल्वेमार्ग आडवा येतो. तो ओलांडायला पूल आणि बोगदे मोजकेच, आणि शाळा सुटायच्या वेळेला तिथेच सगळे अडकतात.

म्हणून ज्या वेळेला तुम्हाला कामावर पोचायचंय, त्याच वेळेला, त्याच वाहनानं, कामाच्या दिवशी एकदा तो रस्ता करून बघा. गाडी नसेल तर शेअर रिक्षा कुठल्या चौकात मिळते आणि रात्री किती वाजेपर्यंत मिळते, हे रिक्षावाल्यालाच विचारा.

२. कुठल्या सोलापुरात राहायचं ते ठरवा

शहर एक असलं तरी राहण्याच्या दृष्टीनं तीन तऱ्हा आहेत. पहिली पेठांची: साखर पेठ, बुधवार पेठ, शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ. घराखाली दुकान, कोपऱ्यावर गिरणी, चालत बाजार. गाडी लावायला मात्र जागा नाही, आणि चारचाकी असेल तर तुमचं निम्मं आयुष्य "जरा गाडी काढता का" यात जाईल.

दुसरा पूर्व भाग. तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांची मोठी वस्ती. टॉवेल आणि चादरींचे माग इथे घराघरांत आहेत, एकाच इमारतीत खाली माग आणि वर बिऱ्हाड असंही असतं. यंत्रमागाची धडधड जमिनीतून येते, खिडकी लावून थांबत नाही. काहींना आठवड्याभरात सवय होते, काहींना कधीच होत नाही. त्यामुळे या भागातलं घर माग बंद असतात त्या सुट्टीच्या दिवशी बघून पसंत करू नका. भाषेचं अडत नाही. भाडं ठरवताना घरमालक-मालकीण आपसात तेलुगूत बोलतात तेव्हा मात्र आपण भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसायचं.

तिसरी तऱ्हा हद्दवाढ भागाची. १९९२ मध्ये आसपासची गावं महापालिकेत आली, त्यांना सोलापूरकर अजून "हद्दवाढ" म्हणतात. जुळे सोलापूर, विजापूर रोडच्या पुढच्या वसाहती, शेळगी, बाळे. इथे मोकळी हवा, मोठ्या खोल्या. पण एका नगरात डांबरी रस्ता, ड्रेनेज, दिवे सगळं असतं आणि त्याच्याच पाठीमागच्या नगरात सेप्टिक टँक आणि कच्चा रस्ता. इथे भागाचं नाव ऐकून काही ठरवू नका, गल्ली बघा.

३. पाणी

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, तुम्हीही घालवा. सोलापूरला पाणी मुख्यतः उजनी धरणातून, शंभरावर किलोमीटर नळातून येतं. त्याशिवाय टाकळीहून भीमेचं आणि थोडं हिप्परगा तलावाचं. शहरात वर्षानुवर्षं पाणी रोज सुटत नाही. तीन, चार, कधी पाच दिवसांआड, आणि प्रत्येक भागाची पाळी वेगळी. उजनीहून दुसरी, समांतर जलवाहिनी टाकली म्हणून तुमच्या गल्लीतला नळ रोज वाहतोय असं धरून चालू नका. घरमालकाला विचाराल तर "पाण्याचं काही टेन्शन नाही" एवढंच उत्तर मिळेल. त्याचं टेन्शन नसतंच, तो तळमजल्यावर राहतो.

प्रश्न असे विचारा, म्हणजे "हो" किंवा "नाही"वर सुटका होणार नाही:

- शेवटचं पाणी कधी आलं? त्याच्या आधी कधी आलं होतं?
- किती वाजता सुटतं, किती वेळ असतं?
- मागच्या मे महिन्यात किती दिवसांआड होतं?
- खालचा हौद आणि वरची टाकी किती लिटरची, आणि किती बिऱ्हाडांत?
- मोटर कोण चालू करतं? तो गावाला गेला तर?

मग हिशेब मांडा. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी प्रमाण आहे. चार माणसं, चार दिवस म्हणजे २१६० लिटर. काटकसर केली, निम्म्यावर आणलं, तरी हजारावर लिटर हवंच. आता गच्चीवर चढून टाकी बघा. हजार लिटरची एक टाकी आणि तिच्यावर तीन बिऱ्हाडं असतील तर तुम्ही घर नव्हे, भांडण भाड्यानं घेताय.

बोअर आहे म्हणाले तर नळ सोडून पाणी हातावर घ्या. बाथरूमच्या नळांवर पांढरे थर बसले असतील तर पाणी जड आहे. धुण्याभांड्याला चालतं, डाळ मात्र शिजता शिजत नाही. उन्हाळ्यात बोअर आटतो का, हे घरमालकाला नका विचारू, समोरच्या घरी विचारा.

आणि शक्य असेल तर पाण्याच्या दिवशी, पाण्याच्या वेळेला त्या गल्लीत जाऊन उभे राहा. रात्रीची वेळ असली तरी जा. धार केवढी आहे, कोण मोटरी लावतंय, टँकर दिसतोय का, बायका हसत-बोलत भरतायत की वादावादी चाललीय, अर्ध्या तासात सगळं कळतं.

साठवलेल्या पाण्याची एक दुसरी बाजू आहे. डेंग्यूचा एडिस डास गटारात नाही, स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून घासायची. शेजारच्या गच्चीवर उघडे ड्रम, जुने टायर दिसले तर तुमच्या स्वच्छतेचा फारसा उपयोग नाही.

४. त्याच गल्लीत तीन वेळा जा

एप्रिल-मे असेल तर दुपारी तीनला. सोलापूरचा पारा चाळिशी सहज ओलांडतो, ४३-४४ पर्यंतही जातो. वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली आणि पश्चिमेची भिंत हाताला कशी लागते ते बघा. संध्याकाळी सातलाही भिंत गरम असेल तर रात्री पंखा गरमच हवा फिरवणार. दिवाळीत बघितलेलं घर मे महिन्यात ओळखू येत नाही.

रात्री नऊ-साडेनऊला. मुख्य चौकापासून घरापर्यंत चालत जा, गाडीवर नको. खांब किती आणि दिवे किती लागलेत ते मोजा. दुकानं उघडी आहेत का, बायका-मुली एकट्या ये-जा करतायत का, कुत्र्यांची टोळी कुठे बसते. बहिणीसाठी किंवा मुलीसाठी घर बघत असाल तर हा फेरा तिनं स्वतः करावा, सोबत तुम्ही मागे चाला. मला जी गल्ली "ठीक" वाटली ती माझ्या मावसबहिणीनं दोन मिनिटांत नापास केली होती. कारण विचारलं तर म्हणाली, "त्या पानटपरीसमोरनं रोज जायचंय मला, तुला नाही."

तिसरा फेरा सकाळी सातला. घंटागाडी येते का, आणि लोक तिच्यात कचरा टाकतात की कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटमध्ये.

५. पावसाचं विचारा

सोलापुरात पाऊस कमी, त्यामुळे नव्या माणसाला पाणी तुंबण्याची शंकाच येत नाही. पण जो पडतो तो काही तासांत पडतो. घराशेजारचा कोरडा ओघळ खरा नाला आहे का, हे विचारा. कंपाउंडच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर मातकट रेघ दिसली तर विचारायचीही गरज नाही. हद्दवाढीत काळी माती. कच्च्या रस्त्यावर पहिल्याच पावसात चप्पल हातात घ्यावी लागते आणि दुचाकी चौकात लावून यावी लागते. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते, त्यामुळे भिंतींना तिरक्या भेगा पडतात. नुसता रंगाचा तडा आणि आरपार भेग यांत फरक आहे. आत बोट जात असेल तर दुसरं घर बघा.

६. कुणाला विचारायचं

एजंटाला घर विचारा, भाग विचारू नका. भागाची खरी माहिती असते ती किराणावाल्याकडे, पिठाच्या गिरणीत, इस्त्रीवाल्याकडे आणि मेडिकलमध्ये. आधी काहीतरी विकत घ्या, शेंगाचटणीचं पाकीट घ्या, मग विषय काढा. "घर बघलालाव व्हय? कुणाचं?" एवढं त्यानं विचारलं की पुढचं आपोआप येतं. घरमालकाचं नाव ऐकून तो क्षणभर गप्प बसला तर तेही उत्तरच समजा.

आधीचं बिऱ्हाड का गेलं, हा प्रश्न तिघांना विचारा. तिघांनी तीन कारणं सांगितली तर चौथ्याला विचारा.

७. वर्षातले काही दिवस

जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. नंदीध्वजांची मिरवणूक, ६८ लिंगांची प्रदक्षिणा, होम मैदानावरची जत्रा. त्या दिवसांत मंदिर आणि किल्ल्याच्या आसपासच्या रस्त्यांवरून गाडी काढणं अवघड. माझ्या मते ही तक्रारीची गोष्ट नाही, यात्रा पायी अंतरावर असणं हे त्या भागात राहण्याचं एक कारणच आहे. पूर्व भागात नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो. मिरवणुकांच्या मार्गावरच घर असेल आणि घरात तान्हं बाळ किंवा हृदयरोगी असेल तर मात्र आवाजाचा नीट विचार करा. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला कायद्यानं बंदी आहे. संध्याकाळच्या डॉल्बीनं खिडकीच्या काचा हलतात तेव्हा ती वेळ आलेली नसते.

८. इसार देण्याआधी

भाग पसंत पडला की मगच पैशाचं बोला. विजेचं बिल तुमच्या नावाचं स्वतंत्र महावितरण मीटरवर येणार की घरमालकाच्या सबमीटरवर, आणि सबमीटर असेल तर युनिटला किती, हे आधी ठरवा. पाण्याच्या टँकरचे पैसे कोण देणार, तेही. पाहुणे, मांसाहार, रात्री उशिरा येणं, एकट्या मुलांना घर देणं याबद्दल घरमालकाच्या अटी असतील तर त्या समोरासमोर विचारून घ्या. अट पटली नाही तर वाद न घालता निघायचं, अकरा महिने लपूनछपून अंडी उकडण्यात अर्थ नाही.

करार कागदावर आणि नोंदवलेला हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी करून नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणीच नसेल आणि पुढे वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. हे घरमालकाला गोड शब्दांत सांगितलं की तो स्वतःहून नोंदणीला तयार होतो. अनामत रक्कम रोख देऊ नका, बँकेतून द्या आणि करारात आकडा लिहून घ्या.

किल्ली हातात आली की मीटरच्या रीडिंगचा, भिंतींचा, नळांचा फोटो काढा आणि त्याच दिवशी घरमालकाला पाठवा. सामान हलवायचा दिवस पंचांग बघून ठरवत असाल तर जरूर ठरवा, पण तो पाण्याच्या आदल्या दिवशी येईल असं बघा. आणि टेम्पोतून कपाट, गादी, फ्रिज काही उतरवण्याआधी ड्रम उतरवून घ्या.