सोलरवर स्पीकर लावताय? या चुका टाळा

लाइट पोचलेली नाही अशा केबिनमध्ये गाणी ऐकायला फार काही लागत नाही. एक पॅनल, एक बॅटरी, बारा व्होल्टवर चालणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर. तरी तक्रार ठरलेली: "आवाज फाटतोय, स्पीकर बदलावा म्हणतो." बदला, पैसे तुमचे आहेत. पण स्पीकर बिचारा बहुतेक वेळा धडधाकट असतो, घोळ त्याच्या मागच्या वायरींत असतो.

फोन चार्जिंगला आणि ऑक्स केबल अ‍ॅम्पला

ही माझी लाडकी चूक, कारण ती मीच आठवडाभर केली. स्पीकरमधून बारीक कूंऽऽ असा आवाज यायचा, तोही फक्त दिवसा. रात्री सगळं शांत. दिवसा म्हणजे सोलर, म्हणून मी चार्ज कंट्रोलरला, म्हणजे पॅनल आणि बॅटरीच्या मधल्या डबीला, आरोपी ठरवलं. पॅनलची वायर सोडवली, आवाज तसाच. मग फोनमधून अ‍ॅम्पला गाणं नेणारी ऑक्स केबल बदलली, अ‍ॅम्पच्या पुरवठ्यावर कपॅसिटर लावला, शेवटी दुसरे स्पीकर जोडून पाहिले. कूं काही हटेना. एका दुपारी फोन आला आणि बोलायला म्हणून मी चार्जरची पिन काढली. आवाज टपकन बंद! उन्हात बॅटरी भरते म्हणून मी फोन दिवसाच चार्ज करायचो, रात्री नाही. कोडं एवढंच होतं.

कारण असं. यूएसबी चार्जर आणि अ‍ॅम्प या दोघांचा निगेटिव्ह एकाच बॅटरीवर. वरून ऑक्स केबलची जाळी, म्हणजे तिच्यातली बाहेरची निगेटिव्ह वायर, फोनमार्गे त्यांना दुसऱ्या वाटेनेही जोडते. मग चार्जरचा थोडा करंट या जाळीतून परततो, तिच्यावर काही मिलिव्होल्ट पडतात आणि अ‍ॅम्प त्यालाच गाणं समजून मोठं करतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. त्यावर आयसोलेटर मिळतो, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असलेली डबी. चालते, पण स्वस्तातली असेल तर खालचा बेस खाते. मी लावत नाही. गाणी चालू असताना चार्जर काढतो, संपलं. ब्लूटूथ रिसीव्हर घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: त्याला त्याच बॅटरीवरच्या यूएसबी चार्जरने वीज दिलीत तर कूं परत हजर. स्वतःची बॅटरी असलेला रिसीव्हर घ्या.

बारीक वायर

बॅटरी एका टोकाला, अ‍ॅम्प दुसऱ्या टोकाला, मध्ये दहा मीटर आणि घरात पडून होती म्हणून ओढलेली १ स्क्वेअर एमएमची वायर. जायचे दहा, यायचे दहा, मिळून २० मीटर तांबं, म्हणजे साधारण ०.३५ ओहम. चार ओहमचे स्पीकर जोरात वाजत असताना ढोलाच्या ठोक्याला अ‍ॅम्पने ५ अँपिअर ओढले, तर वाटेतच पावणेदोन व्होल्ट गेले. बॅटरीवर १२.२ दिसतात, अ‍ॅम्पला साडेदहा मिळतात. ठोका पडला की आवाज फाटतो, कधी अ‍ॅम्प बंद पडून पुन्हा सुरू होतो. आणि मंडळी बॅटरीवर मीटर लावून सांगतात, "व्होल्टेज तर ओके आहे!" अहो, मीटर अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर लावा, तोही गाणं जोरात चालू असताना.

४ स्क्वेअरची वायर टाकलीत तर तोच तोटा अर्ध्या व्होल्टच्या आत येतो. मी मात्र अ‍ॅम्पच बॅटरीजवळ ठेवतो आणि लांबची वायर स्पीकरकडे नेतो. तिकडे आवाज जरासा उतरेल, फाटणार नाही. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हला अगदी लगटून लावा. दूर लावलेला फ्यूज मधल्या वायरीला वाचवत नाही.

डब्यावरचे वॅट

बारा व्होल्टवर ब्रिज पद्धतीच्या, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सिग्नल देणाऱ्या, अ‍ॅम्पला आठ ओहमच्या स्पीकरमध्ये फार तर ९ वॅट देता येतात, चार ओहममध्ये १८. तेही कागदावर. अ‍ॅम्पच्या बोर्डावर १०० वॅट लिहिलंय? ते दुप्पट व्होल्टेजवरचं. त्यापेक्षा जास्त सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये जास्त आवाज देणारा स्पीकर शोधा. ८४ डेसिबलच्या स्पीकरला ४ वॅट देऊन जेवढा आवाज येतो, तेवढा ९० वाल्यात एका वॅटमध्ये येतो आणि बॅटरीही टिकते. हे सांगितलं की नवशिक्यांचा चेहरा पडतो. त्यांना मोठा आकडा हवा असतो. मग बटण शेवटपर्यंत फिरवतात, सिग्नल कापला जातो आणि पहिला जातो तो ट्वीटर, म्हणजे बारीक स्वरांचा छोटा स्पीकर.

इन्व्हर्टरमार्फत अ‍ॅम्प

डीसीचं एसी करायचं आणि अ‍ॅम्पच्या अडॅप्टरने पुन्हा डीसी. कशाला? मॉडिफाइड साइन वेव्हवाला, म्हणजे ओबडधोबड एसी देणारा स्वस्त इन्व्हर्टर असेल तर गुणगुण फुकट मिळते, आणि गाणी बंद असली तरी तो बॅटरी पीत बसतो.

तीन वायरींत दोन स्पीकर

वायर वाचवायला दोन्ही स्पीकरचे मायनस एकत्र बांधू नका. ब्रिज पद्धतीच्या अ‍ॅम्पमध्ये स्पीकरचा मायनस म्हणजे ग्राउंड नव्हे, तोही जिवंत आउटपुट असतो. प्रत्येक स्पीकरला त्याच्या दोन वायरी. एवढी वायर वाचवायची असेल तर जळक्या बोर्डाचा वासही सोसा.

बाकीचं झटपट. एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे लागले तर बेस गायब होतो, आधी ते तपासा. स्पीकर कोपऱ्यात कोंबलात तर उलटं होतं, सगळं घुमतं. हातभर पुढे ओढा. लाकडी फळी थरथरत असेल तर स्पीकरखाली जुनी रबरी चप्पल कापून घाला, माझ्याकडे चार वर्षं तीच आहे. चार्ज होताना बॅटरी १४.४ व्होल्टपर्यंत जाते, बोर्डाला ते झेपतं का बघा. आणि केबिन महिनोन्महिने बंद राहणार असेल तर फोमची कड असलेले स्पीकर घेऊच नका. फोम आपोआप भुगा होतो, त्याआधी उंदरांना सापडला तर तेवढीही वाट बघावी लागत नाही.