फिडल लीफ फिगचे काळे डाग: चूक कुंडीत होती

जुलैत फिडल लीफ फिगच्या (घरात कुंडीत लावतात ते मोठ्या पानांचं शोभेचं झाड) खालच्या पानांवर काळपट डाग पसरू लागले, की पानं पुसत बसू नये. कुंडी उपडी करून मुळं बघावीत. (नुसत्या कडा कुरकुरीत वाळल्या असतील तर उलट पाणी कमी पडतंय.) झाड पश्चिम आफ्रिकेतल्या वर्षावनातलं, गोव्याची दमट हवा त्याला मानवते. मानवत नाही ती सतत ओली माती.

माझ्या कुंडीत मुळं काळी, आंबूस वासाची, चिमटीत धरून ओढताच साल निसटणारी. तेवढी स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापली, पांढरट घट्ट मुळं ठेवली. चिकाने खाज सुटते, हातमोजे घालाच. नवी कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा ३-४ सेंमीच रुंद. मिश्रण: २ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), १ भाग परलाइट (पांढरे हलके दाणे), १ भाग नारळाच्या धुतलेल्या सोडणाचे (वरच्या जाड सालीचे) बोटाच्या पेराएवढे तुकडे. तळाला खडी नको, तिने पाणी वर अडतं. नवं पान येईपर्यंत खत बंद.

आता बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच पाणी. भर पावसात कधी १०-१२ दिवसांनी. खिडकीजवळचा उजेड मात्र भरपूर हवा. जुने डाग जात नाहीत, नवं पान स्वच्छ आलं म्हणजे जमलं.